अंड्याला खिडकी पाडताना

कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडायची, आत ग्रोथ फॅक्टर ठेवायचा आणि रक्तवाहिन्या कशा फुटतात ते बघायचं, असा हा प्रयोग. किराणा दुकानातली अंडी त्याला चालत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. दर वर्षी एम.एस्सी.ची एखादी तरी पोर घराजवळच्या दुकानातून डझनभर पांढरीशुभ्र अंडी आणते, तीन दिवस इनक्युबेटरमध्ये ठेवते आणि मग तोंड पाडून विचारते, "मॅडम, आत काहीच कसं नाही?" असणार कसं? त्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो. आपल्याला फलित अंडी लागतात. ती हॅचरीतून आणायची, शक्यतो एक-दोन दिवसांपूर्वी घातलेली. आणताना ट्रे मांडीवर घेऊन कुणीतरी गाडीवर मागे बसायचं आणि पुढच्याने स्पीडब्रेकरवर दया दाखवायची. हायवेवरून कोल्हापुरात कावळा नाक्याला येईपर्यंत आतला बलक घुसळून निघाला, तर पुढचे अकरा दिवस वाया. लॅबमध्ये आणल्यावरही काही तास त्यांना पडू द्यावं, लगेच उबवायला घालू नये.

मी कोल्हापुरात एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, बावीस वर्षं झाली. ग्रोथ फॅक्टर म्हणजे काय, असं विचारलं की वर्ग एका सुरात म्हणतो, "पेशींची वाढ घडवून आणणारं प्रथिन." दोन मार्क मिळतात, पण उत्तर अर्धंच आहे. ग्रोथ फॅक्टर हा निरोप आहे. निरोप कुठून आला, किती जोरात आला आणि तो ऐकणारी पेशी कोण, यावर ती वाढेल, सरकेल, थांबेल की नुसतीच जिवंत राहील, हे ठरतं. फळ्यावर हे पटत नाही. अंड्यात पटतं. म्हणून हा खटाटोप.

आपण बघतो तो पडदा म्हणजे कोरिओअ‍ॅलँटॉइक पडदा. लॅबमध्ये सगळे त्याला कॅम म्हणतात. चौथ्या-पाचव्या दिवशी दोन पडदे एकमेकांना चिकटून तो तयार होतो आणि टरफलाच्या आतून पसरत जातो. पिल्लाला फुप्फुसं वापरायची सोय होईपर्यंत श्वास घ्यायचं काम याच्याकडे. टरफलाच्या बारीक छिद्रांतून ऑक्सिजन येतो, तो या पडद्यातल्या रक्तवाहिन्या उचलतात. त्यामुळे इथे एक गंमत दिसते. लालभडक दिसते ती नीला आणि काळपट दिसते ती रोहिणी, म्हणजे आपल्या हातापायात असतं त्याच्या बरोबर उलट. पोरं हमखास इथे चुकतात आणि मी हमखास हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारते.

अंडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. पाण्याने धुऊ नका, टरफलावरचा संरक्षक थर निघून जातो. नंबर पेन्सिलने घाला, स्केचपेनने नाही. इनक्युबेटर ३७.५ अंशांवर ठेवायचा आणि तळाला पाण्याची थाळी. अंडी आडवी ठेवा आणि वरच्या बाजूला पेन्सिलने फुली मारा. गर्भ नेहमी तरंगून वर येतो, त्यामुळे खिडकी कुठे पाडायची ते फुलीवरून कळतं. विजेची सोय आधी बघून ठेवा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमची एक बॅच गेली. पाणी लॅबपर्यंत आलंच नव्हतं, वीज मात्र गेली होती.

तिसऱ्या दिवशी खिडकी. चौथ्या-पाचव्यापर्यंत थांबू नका. तोवर पडदा टरफलाकडे सरकलेला असतो आणि खिडकी पाडताना फाटतो. आधी अंड्याच्या निमुळत्या टोकाला सुईने बारीक भोक पाडायचं. जाड सुईची सिरिंज तळाच्या बाजूला वळवून हळूहळू २ ते ३ मिलिलिटर पांढरा बलक ओढून घ्यायचा. ओढताना सिरिंजमध्ये पिवळं दिसलं तर ते अंडं गेलंच समजा. बलक काढला की आतली पातळी खाली बसते आणि गर्भ टरफलापासून सुटतो. भोक मेणाने नाहीतर चिकटपट्टीने बंद करा. मग बॅटरीच्या उजेडावर धरून बघा. वरच्या बाजूला हवेची पोकळी दिसली की कात्री हातात घ्यायची.

थांबा. कात्रीच्या आधी माझी फजिती ऐका.

पहिल्या वर्षी मी टरफल ब्लेडने घासून चौकोन पाडला होता. सुबक चौकोन, मला अभिमान वाटेल असा. आठव्या दिवशी पडद्यावर कागदाच्या भिजवलेल्या चकत्या ठेवल्या. सहा अंड्यांत ग्रोथ फॅक्टर आणि सहांत नुसतं सलाइन. अकराव्या दिवशी पहिलं अंडं उघडलं, तर चकतीभोवती रक्तवाहिन्या अशा जमलेल्या की बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्या. मी लॅबमधल्या मामांना हाक मारली, शेजारच्या विभागातून दोघांना बोलावलं. दुसरं तसंच. तिसरं तसंच. सहाच्या सहा. मग चहा झाला. मग सलाइनची उघडली, तर तीही सहाच्या सहा तशीच. बोलावलेले लोक शहाणे, ते हळूच निघून गेले.

दोन दिवस काही सुचेना. तिसऱ्या दिवशी एक पडदा कापून स्टीरिओ मायक्रोस्कोपखाली धरला. चकतीच्या कडेला पांढरा कण होता, रव्याच्या दाण्याहून लहान. त्याच्याभोवती स्वतःचं वेगळं छोटं चाक. असे चार-पाच कण सापडले. टरफलाची धूळ! मी ब्लेडने घासलं तेव्हा ती आत पडली होती. पडद्याला ते कुसळ वाटलं. तिथे दाह झाला, भक्षक पेशी गोळा झाल्या आणि त्या पेशींनी स्वतःचे ग्रोथ फॅक्टर सोडले. माझी महागडी बाटली येण्याआधीच अंड्याने आपला प्रयोग उरकला होता.

तेव्हापासूनची पद्धत सांगते. आधी खिडकीच्या जागेवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी घट्ट दाबून लावायची. पट्टीसकट टरफलाला सुईने भोक, त्यातून बारीक टोकाच्या कात्रीचं एक पातं आत, टरफलाला समांतर ठेवून गोल फिरवायचं. चुरा पट्टीला चिकटून पट्टीबरोबरच निघतो. खिडकी रुपयाच्या नाण्याएवढी पुरे. कात्री फिरवताना श्वास रोखला तरी चालेल, सगळेच रोखतात.

आणि आत बघा. पिवळ्या बलकावर मोहरीएवढा लाल ठिपका, धडधडतोय. त्याच्याभोवती केसासारख्या वाहिन्यांचं जाळं. हा तिसऱ्या दिवसाचा धडकणारा ठिपका अ‍ॅरिस्टॉटलने अंडी फोडून फोडून पाहिला आणि लिहून ठेवला, त्याला तेवीसशे वर्षं झाली. वर्गात कितीही दंगा असो, या क्षणी लॅबमध्ये फक्त एक्झॉस्ट फॅनचा आवाज असतो. बघून झालं की खिडकीवर नवी चिकटपट्टी लावा आणि अंडं परत आत ठेवा. आता ते हलवायचं नाही, खिडकी वरच राहिली पाहिजे.

आठव्या दिवसापर्यंत ग्रोथ फॅक्टरच्या बाटलीची तयारी करून ठेवा. आम्ही मानवी व्हीईजीएफ-१६५ वापरतो. कोंबडीच्या पेशींना तो चालतो. एफजीएफ-२ हा दुसरा ग्रोथ फॅक्टरसुद्धा चालतो. व्हीईजीएफ म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींसाठीचा ग्रोथ फॅक्टर. कुपीत १० मायक्रोग्रॅम पावडर असते, पण उघडल्यावर तुम्हाला कुपी रिकामीच वाटेल. रिकामी नाही. ती झाकणाला चिकटलेली असते, म्हणून उघडण्याआधी कुपी क्षणभर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. मग १०० मायक्रोलिटर निर्जंतुक द्राव घाला, त्यात ०.१ टक्का अल्ब्युमिन हे साधं प्रथिन हवंच. इतकं विरळ प्रथिन प्लॅस्टिकला चिकटून नाहीसं होतं. अल्ब्युमिन आधी जाऊन त्या जागा अडवून बसतं. आता हिशेब करा. एका मायक्रोलिटरमध्ये १०० नॅनोग्रॅम, चकतीवर ५ मायक्रोलिटर म्हणजे ५०० नॅनोग्रॅम. एका कुपीत वीस चकत्या. द्राव लगेच दहा छोट्या नळ्यांत वाटून गोठवा. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवली आणि गोठवली की प्रथिन मरतं आणि तुम्ही पाणी टाकून निकालाची वाट बघत बसता.

चकत्यांसाठी खास काही आणू नका. फिल्टर पेपर आणि ऑफिसातलं फायलींना भोकं पाडायचं पंचिंग मशीन. निघालेल्या टिकल्या ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करा. असल्या काटकसरीची लाज वाटत असेल तर रिटा लेव्ही-माँतालचिनी यांना आठवा. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३८ मध्ये, ज्यू म्हणून त्यांना विद्यापीठाबाहेर काढलं होतं. युद्ध चालू असताना इटलीत त्यांनी घरच्या झोपायच्या खोलीत कोंबडीच्या गर्भावर काम केलं, शिवणकामाच्या सुया घासून हत्यारं बनवली. मज्जापेशींच्या ग्रोथ फॅक्टरसाठी त्यांना स्टॅनली कोहेन यांच्याबरोबर १९८६ चा नोबेल मिळाला. आमच्याकडे निदान पंचिंग मशीन तरी आहे.

अंड्यांचे तीन गट करा. एकात काहीच नाही, दुसऱ्यात नुसता द्राव लावलेली चकती, तिसऱ्यात फॅक्टरची चकती. पोरांना आपापल्या झाडपाल्याचे अर्क तपासायचे असतात, तो चौथा गट. प्रत्येकात दहा अंडी घ्या, सात-आठ हाती लागतील. चकती मोठ्या वाहिनीवर ठेवू नका. दोन वाहिन्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवा आणि ठेवल्या ठेवल्या फोटो काढा. हा फोटो विसरणाऱ्याची मी गय करत नाही. कारण पुढे सांगते.

चकती ठेवली की आत काय चालतं, ते गुळाने समजावते. आपल्या गावात त्याहून सोपं उदाहरण नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गुळाचा खडा ठेवा, दारातून मुंग्यांची सरळ रांग लागेल. आता तोच गूळ पाण्यात कालवून घरभर शिंपडा. मुंग्या येतील, पण रांग नाही. जिकडे तिकडे मुंग्या. चकतीतून व्हीईजीएफ बाहेर पाझरतो. जवळ दाट, लांब विरळ. व्हीईजीएफ-१६५ पेशींबाहेरच्या जाळीला चिकटून राहतो, म्हणून हा उतार टिकतो. न चिकटणारा छोटा प्रकारही असतो. ज्या उंदरांत फक्त तोच ठेवला, त्यांच्या वाहिन्या रुंद झाल्या आणि फाटे कमी फुटले. त्यांच्या घरी गूळपाणी शिंपडलं होतं.

वाहिनीच्या अस्तरातल्या सगळ्या पेशी मात्र रांगेत पुढे धावत नाहीत. ज्या पेशीला वास जास्त येतो ती टोकाची पेशी होते. ती बारीक बोटांसारखे धागे काढून उताराचा अंदाज घेत सरकते. ती स्वतः फारशी विभागत नाही. शेजारणींना ती स्पर्शाने बजावते, तुम्ही मागे राहा. मग शेजारणींच्या अंगावरचे व्हीईजीएफ पकडणारे रिसेप्टर कमी होतात. त्या मागे राहून विभागतात आणि नळी लांबवतात. उसाला पाणी पाजताना एकजण पुढे दारं धरतो आणि पाणी त्याच्यामागून सरीत येतं, तसंच. सगळेच दारं धरायला पुढे गेले तर शेताचं तळं होईल. निरोप एकच होता, व्हीईजीएफचा. एकीने तो ऐकून चालायला सुरुवात केली, दुसरीने विभागायला. "वाढ घडवून आणणारं प्रथिन" हे उत्तर इथे अपुरं पडतं.

याच रेणूला आधी दुसरंच नाव होतं. १९८३ मध्ये हॅरॉल्ड ड्वोराक यांच्या प्रयोगशाळेला तो सापडला, तो वाहिन्या गळक्या करणारा पदार्थ म्हणून. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा आणि सहकाऱ्यांनी वाढवणारा म्हणून जो वेगळा काढला, तो तोच निघाला. म्हणून चकतीखाली कधी कधी पडदा सुजल्यासारखा, लालसर दिसतो. ती वाढ नव्हे, ती गळती. नवी वाहिनी पक्की व्हायला दुसरे निरोप लागतात. पीडीजीएफ बाहेरून आधार देणाऱ्या पेशींना बोलावतो, अँजिओपोएटिन-१ सांधे घट्ट करतो. नुसता व्हीईजीएफ ओतत राहिलं तर वाकड्यातिकड्या, झिरपणाऱ्या वाहिन्या होतात.

आणि अंड्यात हा निरोप मुळात पाठवतं कोण? ऑक्सिजनला मोताद झालेली पेशी. पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन सारखं बनत असतं आणि ऑक्सिजन असेपर्यंत सारखं मोडीत निघत असतं. ऑक्सिजन घटला की मोड थांबते, ते साठतं आणि व्हीईजीएफचं जनुक चालू करतं. २०१९ चा वैद्यकातला नोबेल याच कामाला, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना. तालमीतल्या पोरांचा दम वाढतो त्यात याचाही हात आहे. रोज पळून, घाम गाळून स्नायूंत व्हीईजीएफ वाढतो आणि केशवाहिन्या दाटतात. नुसत्या थंडाईने ते होत नाही, हे माझ्या भाच्याला सांगून थकले.

अकराव्या दिवशी मोजणी. चकतीच्या कडेला येऊन भिडणाऱ्या वाहिन्या मोजायच्या, समांतर निघून जाणाऱ्या सोडायच्या. आता तो आठव्या दिवशी काढलेला फोटो समोर ठेवा. पडदा कधी कधी आक्रसतो आणि जुन्याच वाहिन्या चकतीकडे ओढल्या जातात. हुबेहूब चाक दिसतं आणि नवीन एकही वाहिनी नसते. शिवाय या दिवसांत पडदा स्वतःच झपाट्याने वाढत असतो, म्हणजे सलाइनच्या अंड्यांतही आकडा शून्य येणार नाही. बघायचा तो फरक. आणि मोजणाऱ्याला कुठल्या अंड्यात काय आहे हे कळता कामा नये. नंबरांची यादी मामांच्या खिशात असते. एका वर्षी गडहिंग्लजच्या एका मुलीने आपल्या अर्काची अंडी स्वतःच मोजली. अर्काने वाहिन्या निम्म्यावर आणल्या म्हणून ती खूश. मामांनी नंबर बदलून पुन्हा मोजायला दिली, तर फरक पार नाहीसा. मुलगी प्रामाणिक होती, मोठेपणी चांगली संशोधक झाली. डोळाच लबाड असतो.

वाहिन्या पिवळ्या बलकावर नीट दिसत नाहीत, हाही एक त्रास. यावर उपाय म्हणजे साय. गर्भ थंड करून प्रयोग संपवल्यावर पडद्याखाली सिरिंजने मिलिलिटरभर पातळ मलई सोडायची. मागे पांढरं फटक पसरतं आणि लाल जाळं कागदावर काढल्यासारखं उठून दिसतं. म्हशीच्या दुधाची घुसळलेली, फडक्यातून गाळलेली साय उत्तम. ती कोल्हापुरात मिळायला काय तोटा! फक्त लॅबच्या फ्रीजमधली साय कुणी चहात घालू नये म्हणून वर चिठ्ठी लावा.

माझ्या सासूबाईंना साखर आहे. मधुमेहाने त्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर गळक्या वाहिन्या उगवल्या, म्हणून डोळ्यात व्हीईजीएफ अडवणारं इंजेक्शन घ्यावं लागतं. त्याच सुमाराला पायाच्या अंगठ्याची जखम तीन महिने भरेना. एकदा दवाखान्यातून रिक्षाने येताना त्या म्हणाल्या, "डोळ्यात नको तितक्या शिरा फुटत्यात, आणि पायात हव्या तिथं एक येईना. एकाच अंगात असं कसं गं?" प्रश्न माझ्या वर्गातल्या कुणीही विचारला नव्हता. ट्यूमरला वाहिन्या मिळू न देता उपाशी मारता येईल, ही कल्पना ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली. त्या वाटेवरचं पहिलं औषध, बेव्हासिझुमॅब, अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झालं. उलट बाजूने, मधुमेही पायाच्या जखमेसाठी पीडीजीएफचं मलम १९९७ पासून आहे. एक दार लावणारं, एक उघडणारं. सासूबाईंना मी तेव्हा इतकंच म्हटलं, डोळ्यातल्या पेशी ऑक्सिजनसाठी ओरडतात आणि वाहिन्या आंधळेपणाने येतात. पायात निरोप फुटतो तेव्हा ऐकणाऱ्या पेशीच थकलेल्या असतात, शिवाय जखमेतली विकरं निरोपाचं पत्रच फाडून टाकतात. त्या म्हणाल्या, "म्हंजे टपाल खातं बिघडलंय." आता वर्गात मी हेच सांगते, नाव न घेता.

आम्ही कुठलंही अंडं अकराव्या दिवसापुढे नेत नाही. सुरू करण्याआधी आपल्या कॉलेजच्या समितीची परवानगी घ्या. घरी हा प्रयोग नको. संपल्यावर अंडी रात्रभर डीप फ्रीजमध्ये, मग पिवळ्या पिशवीत जैविक कचऱ्यात. तिसऱ्या दिवशी काढलेला पांढरा बलकही त्यातच टाका. मामा दर वर्षी विचारतात, आम्लेट नाही का होणार म्हणून, आणि दर वर्षी मी नाही म्हणते. सोमवारी नवी तीस अंडी येताहेत, थाळीत पाणी भरून ठेवायचंय.